बाई, हे कुणी पाहिलं?

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे आजचा विषय पाहून आमच्या घरचे हसतील. पण हाही इतिहासच आहे.

१९८४ सालची गोष्ट. विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून दहावीच्या वर्गावर ऑफ तासाला मला पाठवलं. मी एका मुलीला धडा मोठ्याने वाचायला सांगितला. अर्धगुणसूत्री विभाजन, गुणसूत्रांच्या जोड्या शेजारी येतात, त्यांच्यात तुकड्यांची देवाणघेवाण होते, वगैरे. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, तुकडे बदलले हे कुणी पाहिलं?"

मला उत्तर येत नव्हतं. ते कबूल करायचं सोडून मी म्हटलं, "पुस्तकात आहे तेवढं लिही, मार्क मिळतील." ती खाली बसली. त्यानंतर वर्षभर तिने माझ्या तासाला काही विचारलं नाही.

परवा बारावीतली नात हाच धडा घेऊन बसली आणि तो प्रश्न पुन्हा समोर आला. या वेळी मात्र मी शोधायला बसले.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं. पण निरोप घेण्याआधी दोघं एकमेकांना बिलगतात आणि त्याच त्याच जागेचे तुकडे बदलून घेतात. म्हणून आईकडून आलेलं गुणसूत्र बरेचदा अख्खं आजीचंही नसतं आणि अख्खं आजोबांचंही नसतं. नाक कुणाच्या घराण्याचं यावर भांडणाऱ्या आमच्या नातेवाइकांनी हे लक्षात घ्यावं!

१९०९ साली बेल्जियममधल्या जान्सेन्स या धर्मगुरू-संशोधकाने सॅलॅमँडरच्या पेशी पाहताना या जोड्या फुलीसारख्या एकमेकींवर पडलेल्या पाहिल्या. तिथे धागे तुटून अदलाबदलीने जुळत असावेत, असं त्यांनी मांडलं. पण 'असावेत' एवढंच.

पुढे न्यूयॉर्कला मॉर्गन फळमाश्यांवर काम करत होते. एकाच गुणसूत्रावरचे गुण पिढ्यानपिढ्या बरोबर जायला हवेत, पण अधूनमधून त्यांची ताटातूट होई. मॉर्गननी जान्सेन्सच्या कल्पनेचा आधार घेतला. स्टर्टेव्हंट नावाच्या त्यांच्या विद्यार्थ्याला, तेव्हा पदवीही न मिळालेल्या, १९११ मध्ये सुचलं की जनुकं जितकी लांब, तितकी ताटातूट जास्त. कॉलेजचा गृहपाठ बाजूला ठेवून त्याने रात्रीत गुणसूत्राचा पहिला नकाशा काढला. तो १९१३ साली छापून आला.

हिशोब चोख होता. पण पाहिलं कुणी? अडचण अशी, की जोडीतली दोन्ही गुणसूत्रं दिसायला सारखीच. दोन कोऱ्या पांढऱ्या पातळांचे अर्धे भाग बदलून शिवले, तर कुणाला कळणार? निदान एका पातळाच्या दोन्ही टोकांना खूण हवी.

ती खूण सापडली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात, मक्यात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्याचं असं एक नववं गुणसूत्र मिळालं, की त्याच्या एका टोकाला ठळक गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला आठव्या गुणसूत्राचा तुकडा चिकटलेला होता. त्यांनी आणि हॅरिएट क्रायटन या विद्यार्थिनीने त्याच गुणसूत्रावरचे दोन गुण निवडले: दाण्याचा रंग आणि दाण्यातल्या पिठाचा प्रकार. ज्या रोपांत या गुणांची ताटातूट झाली होती, त्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तिथे गाठ आणि चिकटलेला तुकडा यांचीही ताटातूट झालेली! गुण बदलले, तिथे गुणसूत्राचे तुकडेच बदलले होते.

मक्याचं त्यांना वर्षाला एकच पीक मिळे. पुरावा पक्का करायला त्या आणखी एका हंगामासाठी थांबणार होत्या. १९३१ मध्ये मॉर्गन कॉर्नेलला व्याख्यानांसाठी आले, त्यांनी हे काम पाहिलं आणि आताच छापा म्हणून आग्रह धरला. ऑगस्टमध्ये निबंध प्रसिद्ध झाला. नंतर काही आठवड्यांतच जर्मनीत कर्ट स्टर्न यांचा फळमाश्यांवरचा तसाच पुरावा आला. माशीची पिढी दहा-बारा दिवसांची. मका थांबला असता तर मागे पडला असता. तेव्हा मॅक्लिंटॉक २९ वर्षांच्या होत्या, क्रायटन २२ च्या. जान्सेन्स मात्र हे पाहायला हयात नव्हते.

आता मला लागलेली बोच सांगते. मी त्या मुलीला गप्प बसवलं, तेव्हा तिच्या प्रश्नाचं उत्तर छापून त्रेपन्न वर्षं झाली होती. शिवाय आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, याच मॅक्लिंटॉकबाईंना जागा बदलणाऱ्या जनुकांच्या शोधासाठी नोबेल मिळालं होतं. तिने विचारलेला प्रश्न जान्सेन्सनंतर बावीस वर्षं भल्याभल्यांना पडलेला होता. मी त्याची किंमत मार्कांत केली.

"मला माहीत नाही, शोधून सांगते." एवढंच म्हणायचं होतं.

नातीला मी ही सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "आजी, हे परीक्षेला येणार नाही." मी म्हटलं, "नसेल येत, पण तू विचारायचं थांबू नकोस."

असो. ती मुलगी आता पन्नाशीच्या पुढे असेल. कधी योगायोगाने इथे आलीच, तर बाई गं, तुझं उत्तर वर लिहिलंय. उशिराबद्दल माफ कर.