गाठ आणि गिटार

आमच्या यवतमाळला पॅकिंग कोणी शिकवायला नको. शंभराहून अधिक वर्षे या गावाचा मुख्य उद्योगच तो: कापसातून सरकी काढायची, रुई दाबायची, गाठ बांधायची आणि परगावी धाडायची. माझे वडील प्रेसिंगमध्येच होते. एकशेसत्तर किलोची गाठ, वर कापड, त्यावर करकचून पट्ट्या. ती थप्पीवरून खाली पडली तरी गाठीला काही होत नाही. ज्याच्यावर पडेल त्याची चौकशी करायची. अशा घरात वाढलेल्या माणसाला एक गिटार धडपणे मिरजेला पाठवता येऊ नये, हे सांगताना थोडी लाज वाटते.

गिटार माझीच. 1999 साली मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबांनी बोनसच्या पैशातून नागपूरहून आणली. कलकत्त्याची बनावट. गोधडीत गुंडाळून, मांडीवर आडवी घेऊन ते एस.टी.ने आले. "पेशंटला काय झालं?" असे कंडक्टरने विचारल्याचे ते पुढे कितीतरी वर्षे सांगत. परीक्षा जवळ आली तेव्हा त्याच बाबांनी गिटारच्या पोटात मूठमूठ रुई कोंबली. आवाज निम्मा झाला. मार्क होते तेवढेच राहिले. परीक्षा संपल्यावर मी रुई काढली, बहुतेक सगळी.

पुढे बँक लागली. बोटे तारांवरून नोटांवर गेली. बाबा जाऊन आता सहा वर्षे झाली. गिटार कपाटावर होती. "बाबा, वाद्य असं पडून मरतं," असे मुलगी म्हणाली आणि तिनेच मोबाइलवर जाहिरात टाकली. अडीच हजारांना एका कॉलेजच्या पोराने घेतली. राहणार मिरज.

मिरज म्हटल्यावर मला घाम फुटला. दुसरे कुठलेही गाव चालले असते. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार-तंबोरे बनतात. फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले तेव्हा या मंडळींनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाद्ये हातात घेतली. शस्त्रे सोडून तंबोरे करू लागलेले दुसरे घराणे मला तरी ठाऊक नाही. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा गावात माझी गिटार मोडून पोचली, तर ती दुरुस्तीला जाणार कोणाच्या हातात, याचा विचार करा!

शिवाय ही माणसे पाठवतात काय, तर भोपळा! पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा वाळवलेला भोपळा, म्हणजे जवळजवळ मोठे अंडेच. भोपळ्यातून सुखरूप प्रवास आजवर लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीनेच केला, अशी माझी समजूत होती. पण मिरजेचे तंबोरे देशभर जातात. तंबोऱ्याची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या ताणावर उभी असते. म्हणून तारा उतरवल्या की घोडी काढून वेगळी बांधायची. गिटारची घोडी मात्र चिकटवलेली. तिथे तारा नुसत्या दोन-तीन वेढे सैल करायच्या. युरोप-अमेरिकेत शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गिटार लाकडी पेटीत घालून नेत. त्या पेटीचा आकार पाहून लोक तिला सरळ 'शवपेटी' म्हणत. हे कळल्यावर मी सुताराकडे जाण्याचा बेत रद्द केला.

मदतीला आले ते बाबांच्या बरोबरीचे, प्रेसिंगमधून निवृत्त झालेले शेजारचे काका. त्यांनी खोके पाहिले, गिटार पाहिली, आणि पट्टी घेऊन असे काही आवळले की खोके कण्हू लागले.

"काका, काका! ही रुई नाही. आतून पोकळ आहे. दाबायची नाही."

काका थांबले. "पोकळ? मंग तू हवा पाठवून रायला काय बाप्पा?"

यात काकांचा दोष नव्हता. हा इतिहासाचा परिणाम होता. जहाजावर रुईने किती जागा अडवली यावर सगळा हिशेब. म्हणून दाबा, जितकी दाबता येईल तितकी. अमेरिकेत 1861 ते 65 यादवी झाली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवले. पुढे किलिक-निक्सन कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटरची अडीच फुटी रेल्वे टाकली, तीच आमची शकुंतला. मूर्तिजापूरला रूळ बदलत, म्हणून गाठी या डब्यातून त्या डब्यात, तिथून मुंबई, तिथून मँचेस्टर. या सगळ्या फेकाफेकीत गाठ टिकली, कारण तिच्यात मोडण्यासारखे काही शिल्लकच ठेवलेले नसे. मँचेस्टरहून परत काय आले? 1921 साली तिथेच बनलेले एक वाफेचे इंजिन. ते 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत शकुंतला ओढत राहिले. कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून मी हा व्यवहार अनेकदा मांडून पाहिला आहे. आमच्या बाजूला शिल्लक निघत नाही. देशातली रेल्वे सरकारी झाली तरी हा मार्ग कंपनीचाच राहिला आणि भाडे देत राहिलो आपण. आता गाडी बंद आहे.

हवेचे भाडे म्हणजे काय, हे मला दुसऱ्या दिवशी कुरिअरच्या खिडकीवर कळले. खोके 110 सेंटिमीटर लांब, 45 रुंद, 18 उंच. गुणाकार करून पाच हजाराने भागायचे. उत्तर पावणेअठरा किलोच्या वर. गिटार जेमतेम दोन किलोची! बाकीच्या हवेचे पैसे मी भरले. काका चुकले नव्हते.

गिटारची खरी मेख मानेत असते. डोके मागे कललेले, वर किल्ल्यांचे वजन, आणि नेमके तिथेच लाकडाचे रेषे तिरके कापले जातात. खोके पडले की धड थांबते, डोके पुढे जाऊ पाहते आणि मान जाते. दहावीच्या पुस्तकात याला जडत्व म्हणत. तो धडा मी ऑप्शनला टाकला होता. म्हणून मानेखाली, डोक्याखाली, दोन्ही बाजूंना कापडाच्या घड्या, आणि खोक्यात खोके. उन्हात तापलेल्या गाडीत गोंद मऊ होतो, म्हणून मे महिना टाळून दिवाळीनंतरचा मुहूर्त धरला. मानेखाली काय घालावे यावर काका आणि मी तासभर बोललो. शेवटी बाबांची ती गोधडी काढली आणि अर्धी कापली. कापताना काका म्हणाले, "राहू दे ना ते, दुसरं काही पाहू." मग त्यांनीच कात्री घेतली.

पार्सल सुटल्यापासून पाच दिवस मी कॅश मोजताना दोनदा चुकलो.

सहाव्या दिवशी फोन आला. "काका, पोचली. मान शाबूत आहे, आवाज पण मस्त. फक्त आतून थोडा कापूस निघाला. पॅकिंगचा असेल ना? टाकून देऊ?"

मी म्हणालो, "तो पॅकिंगचा नाही. पाकिटात घालून परत पाठव बाळा, पोस्टाचे पैसे मी देतो."

तिकडे जरा वेळ शांतता. "काका... यवतमाळला कापूस?"

पाकीट आठ दिवसांनी आले. पोराने चांगला दाबून भरला होता.