पाणपोईवर थांबू नका

आधी पायातले बूट काढा. इथे ते कुणी पाहिलेले नाहीत, आणि चैत्रातल्या दुपारी भोरच्या पेठेतली धूळ कशी चटके देते ते बुटांतून कळायचं नाही. मनगटावरचं घड्याळही खिशात टाका. झोळी मात्र सांभाळा. तिच्यात मुठीत मावेल एवढं एक यंत्र आहे, वजन जेमतेम शंभर ग्रॅम. आपण आलोय ते त्याच्यासाठी.

साल विचारू नका. संस्थान पंतसचिवांचं आहे, नीरेवर अजून धरण नाही, नदीचे डोह उरलेत आणि विहिरींचे दोर लांबलेत, एवढं पुरे. काल राजवाड्यात रामजन्म झाला. गुलाल अजून ओट्यांवर, बैलांच्या शिंगांवर, पोरांच्या कानांमागे आहे. वाड्याकडून तुपाचा वास येतोय. त्यात सुंठेचा मिसळलाय, घोड्यांच्या लिदीचा, आणि रोहिड्याच्या बाजूला राब भाजताहेत त्या धुराचा. सनई थांबली की चौघडा, चौघडा थांबला की माणसं. बोलायचं तर ओरडावं लागतं.

आज पारण्याची पंगत. गर्दी तुम्हाला ढकलत आत नेते, पण बसण्याआधी एक म्हातारा तुमची जात विचारतो. दचकू नका, इथे तो प्रश्न पाण्याच्या आधी येतो. काहीतरी पुटपुटा आणि पळसाच्या पत्रावळीसमोर मांडी घाला. मागच्या अंगणात चरावर हंडे चढलेत, त्यांची धग पाठीला लागते. अनवाणी वाढपी ‘भात, भात, भात’ करत पळताहेत. एकानं उपरण्यानं कपाळ पुसलं आणि तोच हात लाडवांच्या परातीत घातला. शेजारच्या गृहस्थांना त्यात काहीच वावगं दिसत नाही; ते तुम्हाला आग्रह करताहेत. खीर सकाळपासून झाकून ठेवलेली आहे, कोमट. माझं ऐका, खिरीचा द्रोण तसाच राहू द्या.

कारण कळायला वेळ लागत नाही. दिवेलागणीलाच वाड्यातल्या पाहुण्यांना उलट्या सुरू होतात. परसात कंदील हलताहेत, कुणी ओव्याची फक्की मारतंय, कुणी आचाऱ्याला शिव्या देतंय. उजाडेपर्यंत बहुतेक जण उठून बसलेत, चेहरे उतरलेले, पण भूक लागलेली. जेवल्यावर काही तासांत ओकारी आणि सकाळी बरं, म्हणजे बहुधा खिरीत आधीच तयार झालेलं जंतूंचं विष. हे प्रकरण वेगळं ठेवा. पेठेत कुणी वेगळं ठेवणार नाही.

दोन दिवसांनी पेठेत पहिला माणूस पडतो. पोटात कळ नाही, ताप नाही, नुसतं पाणी जातंय, थांबतच नाही. दुपारपर्यंत पोटऱ्यांत गोळे येतात, डोळे खोल जातात, आवाज बसतो. बायका दारातून मागे सरतात आणि तो शब्द उच्चारतात: वाखा. म्हणजे पटकी, कॉलरा. संध्याकाळी त्याच आळीत आणखी दोन घरं. वासावरून घर ओळखू येतं. तो तरुण ‘पाणी, पाणी’ म्हणतोय आणि वैद्यबुवा हात आडवा करताहेत, कारण पाणी दिलं की जुलाब वाढतात असा त्यांचा अनुभव.

इथे यंत्र बाजूला ठेवा. पटकीचा माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ संपल्यानं. ते परत द्यायचं. त्याच्या आईला सांगा, तांदळाची पातळ पेज शिजव, मीठ घाल, घोटघोट पाजत रहा, ओकला तरी पाज. वैद्यबुवांशी वाद घालू नका, त्यांना पेज ढवळायला बसवा. या खोलीत जीव वाचणार असेल तर या पळीनं वाचेल, झोळीतल्या यंत्रानं नाही. यंत्राचं काम पुढच्या घराचं आहे.

(उत्सव खरा, ही साथ मी तुमच्यासाठी मांडली आहे. अशा साथी मात्र या मुलखानं भरपूर सोसल्या.)

पेठेला कारण हवंय आणि ते तिसऱ्या दिवशी सापडतं: वरंधा घाटातून बैलांवर मीठ घेऊन आलेला एक परका व्यापारी. तोही नदीकाठी पालात आजारी पडलाय. त्यानंच आणली म्हणतात. काही तरुण काठ्या घेऊन निघालेत. दुसरीकडे मरीआईचा गाडा तयार होतोय: लाकडी चाकं, लिंबाचे डहाळे, हिरव्या बांगड्या, दहीभात, एक कोंबडं. पोतराजाचा कोरडा पाठीवर फुटतो तो आवाज छातीत जाणवतो. रात्री गाडा ओढत शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडायचा. पलीकडचं गाव शिवेवर काठ्या घेऊन उभं आहे. त्यांनाही तो पुढे ढकलायचाय. हसू नका. साथ वाटेवाटेनं सरकते एवढं त्यांनी अचूक ओळखलंय.

आता यंत्र काढा. वीज, बर्फ आणि हिरव्या थरांच्या काचेच्या बशा मी पुरवल्या असं धरा, नाहीतर गोष्ट इथेच संपेल. पेठेतल्या चार आजाऱ्यांचे नमुने बशीवर पसरा, मिठाच्या व्यापाऱ्याचाही. रात्रभर ऊब दिली की पिवळे ठिपके उगवतात. त्यातला एकेक ठिपका म्हणजे एकाच जिवाणूची अख्खी प्रजा. तिचा डीएनए सोडवून यंत्रात थेंबभर सोडायचा. आतल्या अतिसूक्ष्म छिद्रातून धागा सरकतो, विजेचा प्रवाह कणभर बदलतो, आणि त्या बदलातून अक्षरं वाचली जातात. पटकीच्या जिवाणूची सुमारे ४० लाख अक्षरं, दोन गुणसूत्रांवर. माणसानं ती पहिल्यांदा पूर्ण वाचली २००० साली.

पोथीची नक्कल करताना लेखकाकडून एखादं अक्षर चुकतं आणि त्या पोथीवरून पुढे झालेल्या प्रत्येक नकलेत ती चूक उतरते, जिवाणूचंही तसंच. दोन आजाऱ्यांत चुका सारख्या निघाल्या की मूळ जवळचं.

निकाल पाहा. पेठेतले चौघे एकमेकांशी जुळतात, फार तर एका अक्षराचा फरक. मिठाच्या व्यापाऱ्याचा जिवाणू? पटकीचाच, पण कितीतरी ठिकाणी वेगळा. त्याची साथ दुसरीच, कोकणातून बरोबर आलेली असेल. पेठेतली नाही. काठ्या घेऊन निघालेल्यांना गाठा. ‘चाळीस लाख अक्षरं’ म्हणू नका, त्यांना वेड लागल्यासारखं वाटेल. ‘ह्याचा वाखा निराळा’ एवढंच म्हणा. आणि त्याच्याही पालात पेजेचं मडकं पोचवा.

असं घडतं का? हैतीत घडलं. २०१० साली तिथे पटकी उफाळली. त्याआधी जवळजवळ शतकभर तिची नोंद नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या नेपाळी तुकडीवर बोट दाखवलं गेलं आणि नुसत्या संशयाला उत्तरही संशयाचंच मिळत राहिलं. मग नेपाळमधले २४ नमुने वाचले. त्यातल्या काहींत आणि हैतीच्या जिवाणूत फरक निघाला एकदोन अक्षरांचा. तिथे पाहुण्यावरचा आळ खरा ठरला, इथे खोटा. यंत्राला दोन्ही सारखेच. फिलाडेल्फियाच्या एका संग्रहालयात १८४९ साली पटकीनं गेलेल्या माणसाच्या आतड्याचा तुकडा बाटलीत जपलेला आहे. २०१४ मध्ये त्यातूनही जिवाणूचा जीनोम वाचून काढला. तो माणूस गेला तेव्हा भोरात असाच चौघडा वाजत असणार.

अजून एक चाल बाकी आहे. पहाटे एक धावत आलेला पोरगा सांगतो, तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याच्या अंगाला, एका वाडीत चार माणसं पडलीत. चला. वाट लांब आहे, उन्हानं दगड तापलेत, करवंदाच्या जाळीत फळं अजून हिरवी आहेत. वाडीत कारवीच्या कुडाची घरं, आत अंधार, धूर आणि नाचणीच्या पिठाचा वास. झऱ्याला करंगळीएवढी धार. बायका हंडा भरायला तासभर बसून असतात.

या डोंगराच्या पलीकडे आंबी नदी वाहते. तिच्यावर पुढे पानशेतचं धरण होईल, ते पाणी खडकवासल्यात येईल आणि पुण्यात तुमच्या नळाला. जानेवारी २०२५ आठवतोय? सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी. जुलाब झाले, थांबले, आणि मग पायातली ताकद गेली. गियान-बारे सिंड्रोमचे दोनशेहून जास्त संशयित रुग्ण. एनआयव्ही या विषाणू संस्थेत तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. त्याच्या बाहेरच्या आवरणाचा काही भाग आपल्या मज्जातंतूंसारखा असतो, म्हणून त्याच्यावर सोडलेली प्रतिपिंडं आपल्याच नसांवर उलटतात. तुम्हीही तेव्हा कधी विहिरीकडे बोट दाखवत होता, कधी टँकरकडे, आरओच्या जारकडे, चिकनकडे. काठी तेवढी हातात नव्हती.

वाडीतला नमुना वाचा. पेठेतल्या सगळ्या चुका त्यात आहेत, वर एक नवी. मूळ एकच. पण कुणाकडून कुणाकडे, हे एका अक्षरावर पैज लावून सांगू नका. तिथून पुढे यंत्र गप्प. पुढचा प्रश्न साधा आहे आणि तो माणसालाच विचारावा लागतो: काय खाल्लं, कुठलं पाणी प्यालात?

पुरुषांना आठवत नाही. बायकांना सगळं आठवतं. वाडीतली माणसं पंगतीला बसलीच नव्हती, त्यांना वाड्याच्या दारापुढे कुणी येऊ दिलं नव्हतं. परतताना मात्र पेठेच्या टोकाच्या पाणपोईवर सगळी थांबली. पाडव्याला एका सावकारानं पुण्याईसाठी मांडलेली, लाल ओल्या फडक्यात गुंडाळलेले तीन रांजण, वर वाळ्याची जुडी. पेठेतली आजारी घरंही तिथलंच पाणी पितात. रांजण भरतात शेजारच्या विहिरीतून, आणि उत्सवाआधीच कुणा आजाऱ्याची अंथरुणं त्याच विहिरीच्या काठावर धुतली गेली होती. धुणारीच सांगते, लपवण्यासारखं तिला त्यात काही वाटत नाही. रांजणातल्या पाण्याची बशी लावा. तोच जिवाणू, अक्षर न् अक्षर.

१८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात जॉन स्नोनं असंच घरोघर विचारून पंपाचा दांडा काढायला लावला होता, यंत्राशिवाय. तुम्ही विहिरीचा दोर काढायला सांगा. सावकाराचं नाव घेऊ नका, धुणारीचं तर मुळीच नाही. नदीवर काठ्या अजून फिरताहेत. पाटील दोर गुंडाळतात, पण त्यांच्या कपाळावरची आठी जात नाही.

“आन् मंग पानी कुठलं प्यायचं?”

“नदीचं. पण उकळून, पाटील. सगळ्यांनी, वाडीत झऱ्याचंसुद्धा.”

मागे हंडा कमरेवर घेऊन एक बाई उभी आहे. ती तुमच्या हातातल्या यंत्राकडे बघत नाही, तुमच्या तोंडाकडे बघते.

“समद्या गावाचं पानी उकळायचं तर सरपन कोन आनंल, तुम्ही?”