खुराडं कुठं ठेवायचं? कोंबडीच्या नियमांचा जातीय इतिहास

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या जेवणाचे नियम आहेत. ब्राह्मण जेवत असताना कोणाची नजर त्यांच्यावर पडता कामा नये याची यादी तिथे २३९व्या श्लोकात दिली आहे. चांडाळ, गावडुक्कर, कोंबडा, कुत्रा, पाळी आलेली बाई आणि नपुंसक. माणूस आणि कोंबडा एकाच ओळीत. दोन श्लोक पुढे गेलं की कोंबड्याच्या पंखांच्या वाऱ्याने अन्न बाटतं आणि खालच्या वर्णातल्या माणसाच्या स्पर्शाने बाटतं, हेही एकाच श्लोकात सांगितलं आहे. पाचव्या अध्यायात गावठी कोंबडा खाणारा द्विज पतित ठरतो. दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावं आणि त्याचं धन म्हणजे कुत्री आणि गाढवं, असा आदेश आहे.

कोणी काय पाळायचं, कुठे पाळायचं आणि कोणाच्या पाळण्याने कोणाला बाध येतो, हे ठरवणारा नियम आपल्याकडे किती जुना आहे ते कळावं म्हणून हे आधी सांगितलं. कारण बर्ड फ्लूची बातमी आली की गावागावांतल्या व्हॉट्सॲप गटांवर एकच सूर लागतो: वस्तीतल्या कोंबड्या बंद करा. कोणी म्हणतं, घरापासून अमुक फुटांवर खुराडं हवं. कोणी म्हणतं, सरकारचा पाचशे मीटरचा नियम आहे. ग्रामसभेत चार माणसं हात वर करतात आणि ‘नियम झाला’ म्हणून सांगत सुटतात. तरुण कार्यकर्त्यांना वाटतं, आरोग्याचा प्रश्न आहे, यात आपण काय बोलायचं? बोलायला पुष्कळ आहे.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गावकुसाबाहेरच्या जगण्यावर इंग्रजीत जे लिहून ठेवलं, ते महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात छापलं. त्यात गावाची एक अलिखित संहिता त्यांनी कलमवार मांडली आहे. अस्पृश्याने जमीन किंवा गुरंढोरं अशी संपत्ती करणं हा गुन्हा. कौलारू घर बांधणं हा गुन्हा. चांगले कपडे, दागिने, घोड्यावरून वरात, सगळे गुन्हे. संहितेचा रोख उघड आहे. ज्या मालमत्तेमुळे माणूस गावाला ‘नाही’ म्हणू शकतो ती मालमत्ता त्याच्याकडे नसावी.

कोंबडी या संहितेच्या फटीतून निसटली असं माझं मत आहे. तिला वावर लागत नाही, कडबा लागत नाही, दावण लागत नाही. उकिरड्यावर टिपून खाते, रात्री डालग्याखाली झाकली की झालं. एक खुडूक बसली तर एकवीस दिवसांत दहा-बारा पिल्लं. त्यातली निम्मी घार-मांजराने नेली तरी तलंगा विकून पोराची वह्या-पुस्तकं होतात. आणि हा पैसा बाईच्या हातात राहतो. बैल विकायचा तर घरात चर्चा होते, अंडी विकायला आईने कोणालाच विचारलेलं नसतं. केज, धारूर, वडवणी, पाटोदा या पट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गाड्यांवर भांड्याकुंड्यांसोबत कोंबड्याही जातात. कोपीपुढे त्यांचं खुराडं आधी लागतं.

आता लिखित कायद्याकडे येऊ. इंग्रजांनी १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. कोंडवाडा त्याच कायद्यातला. त्यात ‘गुरं’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे: हत्ती, उंट, म्हशी, घोडे, खेचरं, गाढवं, डुकरं, मेंढ्या, शेळ्या, त्यांची पिल्लंसुद्धा. कोंबडी नाही. पीक तुडवणारी जनावरं पकडून दंड करणं हा त्या कायद्याचा हेतू. कोंबडीकडे बघायला सरकारला सवड नव्हती. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, १९५६ साली मुंबई राज्यात आलं, पण कोंडवाडा आपल्या गावांच्याही ओळखीचा आहे. पुढे १९७६ साली महाराष्ट्राने शहरांत गुरं पाळण्यावर आणि त्यांची ने-आण करण्यावर नियंत्रण आणणारा कायदा केला. तो गुरांचा, गोठ्यांचा. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यात डुक्कर पाळायला आयुक्तांची लेखी परवानगी लागते, बाकी कोणताही प्राणी उपद्रव होईल अशा रीतीने पाळू नये एवढंच म्हटलं आहे. म्हणजे मुंबईसारख्या शहरातसुद्धा कायदा आधी विचारतो की उपद्रव झाला का.

उपद्रवाचा कायदा आहेच. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे. त्यात कार्यकारी दंडाधिकारी आधी सशर्त आदेश काढतो आणि ज्याच्याविरुद्ध आदेश आहे त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळात अडूरजवळच्या पळ्ळिक्कल गावात शेजाऱ्याच्या कोंबड्याच्या पहाटेच्या आरवण्याने झोपमोड होते म्हणून एका वृद्ध गृहस्थांनी तक्रार केली. महसूल अधिकाऱ्यांनी दोघांचं ऐकलं, जागा पाहिली आणि वरच्या मजल्यावरचं खुराडं दुसऱ्या बाजूला हलवायला चौदा दिवसांची मुदत दिली. कोंबड्या पाळू नका असं म्हटलं नाही. नियम असा चालतो. एका घराची तक्रार, एका घराची पाहणी, एका खुराड्याची जागा. आख्ख्या वस्तीला एका दमात बंदी, हे कोणत्या कायद्यात बसतं ते ग्रामसभेत हात वर करणाऱ्यांनी सांगावं.

आणि तो पाचशे मीटरचा नियम? तो खरा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांत पोल्ट्री फार्म निवासी भागापासून ५०० मीटर दूर असावा असं म्हटलं आहे. पण ही तत्त्वं ५,००० हून जास्त पक्ष्यांच्या फार्मसाठी आहेत. राष्ट्रीय हरित लवादापुढे मोठ्या पोल्ट्रींच्या माश्या, दुर्गंधी आणि विष्ठेचा प्रश्न गेला, लवादाने २०२० साली आदेश दिला, त्यानंतर ती कडक झाली. पाच हजार कोंबड्यांसाठी केलेला नियम पाच कोंबड्यांवाल्या बाईला लावायचा आणि गावालगतच्या बड्या शेडकडे बोट दाखवायचं नाही, हे आपल्याकडेच जमतं.

बर्ड फ्लूचं काय झालं तेही बघू. भारतात तो पहिल्यांदा नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला, फेब्रुवारी २००६ मध्ये. नवापूर आदिवासी तालुका, पण साथ उघडकीला आली ती मोठ्या व्यापारी पोल्ट्रींमध्ये. पक्षी मारण्याचा परीघ होता तीन किलोमीटर, आणि त्या परिघात आदिवासींच्या घरच्या कोंबड्याही आल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्याला पोल्ट्रीतल्या शेकडो कोंबड्या मेल्या, तेव्हा एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारण्याचा आणि दहा किलोमीटरच्या आत विक्री बंद ठेवण्याचा निर्णय झाला. त्याच दिवसांत आपल्या पाटोदा तालुक्यात मुगगावला मेलेल्या कावळ्यांचे नमुने बाधित निघाले. ते कावळे कोणाच्या खुराड्यातले नव्हते.

बर्ड फ्लू खोटा आहे असं मी म्हणत नाही. २००६ साली जळगाव जिल्ह्यात घरगुती कोंबड्यांतही तो सापडला. २०२५ च्या जानेवारीत उरणच्या चिरनेरलाही तसंच झालं. साथ आली की पक्षी मारावे लागतात आणि त्यासाठी २००९ चा केंद्रीय कायदा आहे. पण तो कायदा साथीचं क्षेत्र जाहीर करतो, सीमा आखतो आणि साथ सरली की निर्बंध उठवतो. गावच्या तोंडी नियमाला ना सीमा असते ना शेवटची तारीख.

भरपाईतही हाच भेद आहे. २०२१ मध्ये अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये आणि मांसाच्या मोठ्या कोंबडीला ७० रुपये असा दर होता. लेअर आणि ब्रॉयलर, ही शेडची भाषा. आठवडी बाजारात गावरान कोंबडी काय भावाने जाते हे वाचणाऱ्याला माहीत आहे. तिच्या मालकिणीला तेव्हा नव्वद रुपये घेऊन घरी जायचं होतं, तेही मोजणीत तिच्या कोंबड्या आल्या तर.

आता फुटांचा हिशेब. रमाई आवास योजनेचं घरकुल २६९ चौरस फुटांचं. म्हणजे सोळा बाय सतरा. बेघराला जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते ती ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी. म्हणजे वीस बाय पंचवीस. घर एका कोपऱ्यात लावून बांधलं तरी एका बाजूला चार फूट आणि दुसऱ्या बाजूला आठ फूट उरतात. त्यात संडास, न्हाणी, चूल, सरपण. कोणी ठराव केला की खुराडं घरापासून दहा फूट लांब हवं, तर या जागेत ते बसवणं गणितानेच अशक्य आहे. वाड्याच्या परड्यात मात्र ते आरामात बसतं. ठरावात जातीचं नाव लिहावं लागत नाही. फूट लिहिले की काम होतं.

जागा एवढी अपुरी का, याचं उत्तर इतिहासात आहे. गावठाणात आपल्या वाट्याला कडेची पट्टी आली. गायरानासाठी मराठवाड्यात १९५३ पासून सत्याग्रह झाले, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली हजारोंनी तुरुंगवास पत्करला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं, तरी सातबाऱ्यावर नाव नसलेली गायरानधारक कुटुंबं आजही या जिल्ह्यात आहेत. ज्यांना जमीन दिली नाही त्यांनाच जमिनीच्या मापाने नियम लावायचा, यातली लबाडी आपल्या पोरांना दिसली पाहिजे.

आपल्यातल्याच काही शिकल्या-सवरल्या लोकांना कोंबड्या नकोशा वाटतात, हेही सांगून टाकतो. शहरातल्या आपल्या कॉलन्यांत निवृत्त साहेब तक्रार करतात, ‘आपण आता बौद्ध, स्वच्छ राहायला हवं.’ मरीआईला कोंबडं कापणं आपण १९५६ नंतर सोडलं, ते बरंच केलं. पण जीव मारण्याची हौस आणि जीव मारण्याची गरज यांत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये फरक केला आहे. आणि पोषणाचं म्हणाल तर शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेऊन ‘लोकसहभागातून द्या’ असं सांगितलं. लोकसहभाग म्हणजे कोण? घरी कोंबडी असेल तर पोराच्या ताटात अंडं येतं, एवढंच सध्या खात्रीचं आहे. स्वच्छतेची अट मान्य आहे. रोज खुराडं झाडा, चुना टाका, मानमोडीची लस वेळेवर द्या, पोरं झोपतात त्या खोलीत कोंबड्या ठेवू नका. शेजाऱ्याला त्रास होत असेल तर कोंबडा विका. हे सगळं सांगता येतं आणि आपल्या वस्तीत आपणच सांगितलं पाहिजे.

तेव्हा कोणी ठराव झाला म्हणून दम दिला तर आधी ठरावाची प्रत मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका: कोणत्या कायद्याखाली, कोणत्या तारखेच्या सभेत, किती जणांच्या उपस्थितीत. ठराव लिहिला जाणार असेल तर त्यात फुटांऐवजी पक्ष्यांची संख्या आणि प्रत्यक्ष उपद्रव घालायला लावा, आणि गावालगतच्या शेडचं अंतर त्याच सभेत मोजायला सांगा. बंदी फक्त आपल्याच वस्तीला लावली, दळण-किराणा बंद केला, तर ॲट्रॉसिटी कायद्यातलं सामाजिक-आर्थिक बहिष्काराचं कलम आहे, २०१६ चा राज्याचा बहिष्कारविरोधी कायदाही आहे. आणि पशुधन पर्यवेक्षक लसीकरणाला येईल तेव्हा घरोघरच्या कोंबड्यांची संख्या त्याच्याकडून बाईच्या नावाने लिहून घ्या. उद्या पंचनामा झालाच तर तोच कागद तिच्या हातात असेल.