पिशवीचा इतिहास आणि भाईंदरची खाडी

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजे एवढेच डोळ्यांपुढे उभे राहतात. भाईंदरच्या परिसरालाही असा इतिहास आहे. वसईच्या मोहिमेत 1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेने धारावी बेट पोर्तुगिजांकडून घेतले आणि त्याच वर्षी वसईचा किल्ला पडला. परंतु या किनाऱ्याचे रूप गेल्या चाळीस वर्षांत जितके पालटले, तितके त्या तोफांनीही पालटले नव्हते. या पालटाच्या अनेक कारणांत एक कारण असे आहे की त्याचे वजन काही ग्रॅमांपलीकडे जात नाही. ते म्हणजे बाजारातून घरी येणारी प्लास्टिकची पिशवी.

उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि खाडीकाठी दाट तिवरांची राई, अशी या भागाची मूळची ठेवण. 1864 साली मुंबईकडे येणारा लोहमार्ग खाडी ओलांडून गेला, तरी मीठ, भात आणि मासळी हीच येथील उपजीविकेची साधने राहिली. भाईंदरची मिठागरे प्रसिद्ध होती. उत्तनचे कोळी आणि डोंगरी, राई, मुर्धे येथील शेतकरी समुद्राच्या आणि पावसाच्या तालावर जगत.

त्या काळच्या घरातही टाकाऊ वस्तू निघतच. मात्र तिचा मार्ग ठरलेला असे. वाण्याकडचा जिन्नस कागदाच्या पुडीत दोऱ्याने बांधून येई, आणि तो दोरासुद्धा गुंडाळून ठेवला जाई. तेलाला बरणी, दुधाला तांब्या आणि भाजीला कापडी पिशवी घरातूनच न्यावी लागे. पंगतीच्या पत्रावळी व द्रोण उकिरड्यावर जाऊन त्यांची माती होई. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली जाई. जे उरे ते बोहारणीला देऊन त्याबदली भांडे घेतले जाई. यात निसर्गप्रेमाचा अभिनिवेश नव्हता. काटकसर होती, आणि बरेच वेळा दारिद्र्यही होते. त्या काळाचे सोने करून सांगण्याचे कारण नाही. परंतु घराबाहेर जाणारी बहुतेक प्रत्येक वस्तू मातीला पचत असे, एवढे मात्र खरे.

पुढे मुंबईत जागा मिळेनाशी झाली आणि मध्यमवर्ग आगगाडीच्या मागोमाग उत्तरेकडे सरकला. 1985 साली मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली. 28 फेब्रुवारी 2002 रोजी तिची महानगरपालिका झाली. 2001 च्या जनगणनेत येथील लोकसंख्या पाच लाखांहून अधिक भरली, तर 2011 च्या गणनेत ती आठ लाखांच्या वर गेली. परसू गेले, उकिरडा गेला, आणि केराची टोपली दाराबाहेर ठेवली की आपले कर्तव्य संपले अशी समजूत रूढ झाली.

याच सुमारास पिशवीनेही रूप पालटले. एका अखंड नळीतून कापून बनविलेल्या प्लास्टिकच्या पिशवीची रचना स्वीडनमधील स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी केली आणि 1965 साली तिचे पेटंट घेतले गेले. ती स्वस्त, हलकी, पाण्याने न भिजणारी आणि न कुजणारी होती. या गुणांनीच तिने जग जिंकले आणि हेच गुण पुढे दोष ठरले. घरातून पिशवी नेण्याची सवय एका पिढीत मोडली. कारण दुकानदार ती फुकट देऊ लागला.

फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कोणीतरी मोजतोच. येथे ती कोणी मोजली, हे समजण्यास उत्तनच्या कोळ्यांचे डोल नावाचे जाळे पाहावे. डोल ही एक प्रचंड, निमुळती पिशवीच होय. ती भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडे ठेवून रोवलेली असते. प्रवाहाबरोबर वाहत येणारे बोंबील व कोलंबी तिच्यात शिरतात. जाळे माशांच्या मागे जात नाही. प्रवाह जे आणील ते पदरात घेते. म्हणून खाडीत प्लास्टिक वाहू लागले तेव्हा तेही डोलीतच आले. मासळी निवडण्याच्या वेळात कोळ्यांना कचरा निवडण्याची पाळी आली.

दुसरी हानी डोळ्यांना लवकर दिसत नाही. तिवराची मुळे चिखलातून वर डोकावून हवा घेतात. ओहोटीला तेथे पिशव्यांचा थर बसला की मुळांचा श्वास कोंडतो. मासे व कोळंबी यांची पिले याच राईच्या आश्रयाने वाढतात. म्हणजे एकच पिशवी आजच्या जाळ्यात अडकते आणि उद्याच्या मासळीलाही मुकविते. त्यात शहराचा कचराही उत्तनच्याच डोंगरावर नेला गेला. दुर्गंधी आणि आगीचा धूर यांविरुद्ध तेथील ग्रामस्थ वारंवार उठले. ज्यांनी तो कचरा केला नाही, त्यांच्याच दारी तो गेला.

कायदा जागा झाला तो संकटानंतर. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. तुंबलेल्या नाल्यांतील पिशव्यांकडे तेव्हा सर्वांचे लक्ष गेले. 2006 साली महाराष्ट्राने 50 मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई केली. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने पिशव्यांवर सरसकट बंदी आली, आणि पहिल्या गुन्ह्यास पाच हजार रुपये दंड ठरला. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तू देशभर निषिद्ध झाल्या. तरीही भाजीच्या पाटीखाली पिशव्यांची गड्डी आढळते. कारण उघड आहे. मागणारा हात आहे तोवर देणारा हात सापडतो, आणि प्रत्येक पाटीपाशी शिपाई उभा करता येत नाही.

याबाबत दोन देशांचे उदाहरण बोधप्रद आहे. बांगलादेशाने 2002 साली पातळ पिशव्यांवर बंदी घातली; परंतु अंमल ढिला पडताच पिशव्या परत आल्या. त्याच वर्षी आयर्लंडने बंदी घातली नाही. ग्राहकाकडून प्रत्येक पिशवीमागे केवळ 15 सेंट घेण्यास आरंभ केला. पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. रक्कम क्षुल्लक होती. पण पिशवी हवी की नको, हा प्रश्न प्रत्येक ग्राहकास प्रत्येक वेळी स्वतःला विचारावा लागला. विसरलेली निवड त्या पंधरा सेंटांनी परत आणली.

अशी निवड एकट्यानेही आरंभिता येते, याचा दाखला उत्तनहून दक्षिणेस, मढच्या पलीकडे असलेल्या वेसाव्यात आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने एका वृद्ध शेजाऱ्यासह तेथील किनाऱ्यावरचा कचरा उचलावयास सुरुवात केली. आठवड्यामागून आठवडे माणसे जमत गेली. मार्च 2018 मध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिले समुद्राकडे निघालेली लोकांनी पाहिली. मात्र किनारा झाडणे हा अर्धाच उपाय होय, कारण पुढची भरती नवा कचरा आणते. उगम घरातच अडविला पाहिजे.

घरातील टोपलीत सुमारे निम्मा भाग ओल्या कचऱ्याचा असतो. तो वेगळा ठेवला तर त्याचे खत होते; प्लास्टिकमध्ये मिसळला तर त्याच्या कुजण्यातून ज्वालाग्राही वायू निघतो आणि डोंगरावरच्या आगी पेटत्या राहतात. 2016 च्या नियमांनी हे वर्गीकरण प्रत्येक घरावर बंधनकारक केले. पण स्वयंपाकघरात कायद्याचा डोळा पोहोचत नाही, तेथे गृहस्वामिनीचा आणि गृहस्थाचा हातच पोहोचतो.

केवळ कापडी पिशवीने खाडी वाचेल, असे कोणी समजू नये. कारखाने, इमारतींचे भराव आणि पालिकांचे सांडपाणी यांचा बंदोबस्त शासनानेच केला पाहिजे. परंतु शासनाला जागे करणारेही नागरिकच असतात. तिवरांची तोड थांबविणारा मुंबई उच्च न्यायालयाचा 2005 चा आदेश नागरिकांच्याच एका संस्थेच्या अर्जावर झाला. स्वतःच्या घरात जो नियम पाळतो, त्याच्या मागणीला वजन येते. वसईच्या मोहिमेची तारीख ग्रंथांत नोंदली गेली. बाजारात पिशवी नाकारणाऱ्या हाताची नोंद कोणी ठेवणार नाही. ती उत्तनच्या डोलीत मात्र उमटेल, कारण प्रवाहात जे सोडले जाते तेच तिच्यात येते.