पायडलच्या आट्यांतला इतिहास

1970 च्या सुमाराची प्यूजो पीएक्स-10 ही शर्यतीची फ्रेंच सायकल आपण दुरुस्त करायला घेतली आहे असे समजा. पायडल झिजले आहे. बाजारातले नवे पायडल बसवू लागलो, तर ते नीट बसतच नाही. असे का व्हावे?

फ्रान्सने 1799 मध्ये मीटरचे प्रमाण कायद्याने पक्के केले आणि 1840 पासून मेट्रिक मापे सक्तीची केली. तिथले कारखाने आटेही मिलिमीटरमध्येच पाडत. पायडलच्या आट्यांचा व्यास 14 मिमी, दोन आट्यांतले अंतर 1.25 मिमी. इंग्लंडमध्ये मात्र इंच चाले. व्यास 9/16 इंच, म्हणजे 14.29 मिमी, एका इंचात 20 आटे, म्हणजे अंतर 1.27 मिमी. फरक जेमतेम, पण धातू तेवढाही चालवून घेत नाही.

पुढे इंग्रजी मापच जगभर रूढ झाले. म्हणून काही कारागीर फ्रेंच क्रँकमध्ये नवे इंग्रजी आटे पाडतात. सायकल चालू लागते. पण कापले गेलेले ॲल्युमिनियम परत येत नाही. जुने माप कायमचे पुसले जाते.

त्या काळचेच पायडल शोधत हिंडणे हा म्हणूनच निव्वळ हौशी लोकांचा हट्ट नव्हे. मोजमापाचा इतिहास कागदावर असतो, तसाच तो या आट्यांतही असतो.