कसेल त्याची जमीन, आणि नंतर आलेल्याचं काय?

महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. आणि शेतकरी असल्याचा दाखला हवा असेल तर आधी जमीन असावी लागते. इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला याला डेडलॉक म्हणायचे. दोन प्रोसेस एकमेकींची वाट बघत थांबतात आणि दोन्ही कायमच्या अडकतात. फरक एवढाच की तिथे मशीन रीस्टार्ट करता येतं.

मी विट्याचा. नोकरी पुण्यात. ऑफिसात कुणाला वीकेंडला शेती करावीशी वाटली की मला हमखास विचारणा होते, "तुमच्याकडे स्वस्तात अर्धा एकर मिळेल का रे?" प्रश्न हौसेचा असतो, त्यामुळे उत्तर 'नाही' आलं तरी कुणाचं काही अडत नाही.

विट्यात माझा एक शाळेतला मित्र आहे, त्याचं मात्र अडतं. त्याच्या घरी कधीच जमीन नव्हती. गेली काही वर्षं तो दुसऱ्याच्या रानात निम्म्या वाट्याने टोमॅटो, मिरची, दोडका करतो. माल विट्याच्या बाजारात जातो. मालक परराज्यात गलाईच्या धंद्यात आहे आणि वर्षातून एकदा, यात्रेला येतो. दोघांत कागद नाही, फक्त शब्द आहे. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही. अवकाळीने प्लॉट झोपला तर पंचनामा सातबाऱ्यावरच्या नावाने होतो आणि भरपाईही त्याच नावावर जमा होते. शेती तो करतो, पण सरकारी कागदावर तो शेतकरी नाही.

हे असं का झालं, हे शोधायला मी जुने कायदे वाचायला घेतले. वाटलं होतं, कुठेतरी एखादा खलनायक सापडेल. सापडली ती चांगल्या हेतूने घातलेल्या कुलपांची रांग.

पहिलं कुलूप: सावकारासाठी

सुरुवात १८७५ मध्ये होते. त्या वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. जीव घेण्यापेक्षा त्यांचा रोख कर्जरोखे आणि वह्या जाळण्यावर होता. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

रयतवारीत इंग्रजांनी प्रत्येक शेताची मोजणी करून ते एकेका खातेदाराच्या नावावर मांडलं होतं. जमीन अशी सुटी आणि नावावर झाली की ती गहाण टाकता येते, आणि गहाण टाकता येते ती कोर्टातून जाताही येते. सावकाराने नेमकं तेच केलं. दंग्यांनंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आणला. कर्जरोख्यावर आकडा काहीही असो, मूळ व्यवहार काय होता ते तपासण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला. हा कायदा सुरुवातीला पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू होता. विटा तेव्हा सातारा जिल्ह्यातच. सांगलीचा वेगळा जिल्हा 'दक्षिण सातारा' या नावाने १९४९ मध्ये झाला.

या कायद्यात 'शेतकरी' कुणाला म्हणायचं याची व्याख्या करावी लागली. कोण शेतकरी आणि कोण नाही, ही रेघ आपल्याकडे कायद्याने ओढायला सुरुवात झाली ती या काळात. पुढे १९०१ मध्ये मुंबई सरकारने आणखी एक पाऊल टाकलं. सारा थकल्यामुळे जप्त झालेली जमीन परत देताना ती विकता येणार नाही, अशी अट घालायची तरतूद केली. फिरोजशहा मेहता आणि त्यांच्यासोबत गोपाळ कृष्ण गोखले निषेध म्हणून कौन्सिलमधून उठून गेले. सरकारचं म्हणणं होतं की विकायची मोकळीक शेतकऱ्याला बुडवते. विरोधकांचं म्हणणं होतं की विकता न येणाऱ्या जमिनीवर त्याला कर्जही कोणी देणार नाही. सव्वाशे वर्षं झाली, वाद अजून त्याच दोन वाक्यांत चालू आहे.

दुसरं कुलूप: कुळासाठी

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कुळकायदा आला. त्याचं कलम ६३ म्हणजे माझ्या ऑफिसातल्या प्रश्नाचं उत्तर: शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. त्या परवानगीलाही अट आहे. शेतीसाठीच जमीन घेणाऱ्याचं इतर उत्पन्न वर्षाला काही हजार रुपयांच्या आत हवं. म्हणजे पगारदार माणूस बाद. आणि ज्याचं उत्पन्न एवढं कमी आहे, तो जमीन कशाच्या बळावर घेणार?

मग आला १ एप्रिल १९५७, कृषकदिन. त्या दिवशी जमीन कसणारी कुळं कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. त्या तारखेने महाराष्ट्रातल्या असंख्य घरांचं नशीब बदललं, आणि त्याचं मोल कमी लेखायचं कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या वाड्यावर खंड पोचवणारी माणसं मालक झाली.

पण त्याच कायद्यात कृषकदिनानंतर तयार होणाऱ्या कुळालाही जमीन विकत घेण्याचा हक्क ठेवलेला आहे. वाचताना हे नव्या माणसासाठी उघडं ठेवलेलं दार वाटतं. प्रत्यक्षात मालकांनी त्याचा सरळ अर्थ काढला: कागदावर कुणाला जमीन कसायला द्यायचीच नाही. दिली तर तोंडी, वाट्याने, आणि दरवर्षी माणूस बदलून. आमच्याकडे आजही जुनी माणसं बजावतात, "कुळ लागंल हां." माझ्या मित्राला कागद मिळत नाही त्यामागे मालकाचा दुष्टपणा नाही, ही सत्तर वर्षांची धास्ती आहे. कसणाऱ्याला वाचवण्यासाठी लिहिलेल्या कलमानेच पुढच्या कसणाऱ्याला कागदाबाहेर ठेवलं.

तिसरं कुलूप: तुकड्यासाठी

१९४७ चा तुकडेबंदी कायदा याच्याही एक वर्ष आधीचा. वाटण्या होत-होत जमिनीचे रुमाल होऊ नयेत, म्हणून ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायला बंदी. हेतू रास्त होता. पण ज्याच्याकडे पाच-सात गुंठ्यांपुरतेच पैसे आहेत, त्याच्यासाठी बाजार तिथेच संपतो. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी हे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे करण्यात आलं. पूर्वीपेक्षा सोपं झालं, तरी गावालगतच्या भावात १० गुंठे ही सुद्धा मोठी रक्कम असते.

यातली गंमत अशी की लहान तुकडे थांबले नाहीत. शहरालगत ते गुंठेवारीने विकले गेले, आणि घरं बांधून झाल्यावर त्यांना नियमित करायला २००१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. उद्योगासाठीही वाट निघाली. १९९४ मध्ये कुळकायद्यात आलेल्या कलम ६३-१अ ने खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी, काही अटींवर, शेतकरी नसलेल्यालाही आगाऊ परवानगीशिवाय शेतजमीन घेता येते. शेतजमिनीवर कारखाना काढणाऱ्याला दार आहे, घर बांधून बसलेल्याला आहे. शेती करू म्हणणाऱ्या नव्या माणसाला नाही.

सरकारने एक अपवाद केला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह केले होते. त्यांच्या नावाने २००४ पासून योजना आहे: दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची. अडचण येते ती विकणाऱ्यापाशी. सरकारला भावाची मर्यादा असते, आणि त्या भावात पाण्याखालची, रस्त्यालगतची जमीन कोण देईल?

इथे खरा मुद्दा येतो. आमच्या भागात जमिनीची किंमत म्हणजे मुळात पाण्याची किंमत.

विट्याचा हिशेब

खानापूर तालुका पर्जन्यछायेतला. जमीन होती, पण पाण्यावाचून ती पोट भरत नव्हती. म्हणून माणसं बाहेर पडली. काही मुंबईच्या गिरण्यांत गेली. हजारो कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईत शिरली आणि केरळपासून दिल्लीपर्यंत पसरली. भारतातल्या कुठल्याही मोठ्या सराफकट्ट्यावर विट्याकडचा माणूस भेटतो, ही आमच्याकडे अभिमानाने सांगायची गोष्ट आहे. पण तिची दुसरी बाजूही आहे. जमिनीचे मालक बाहेर, आणि जमीन इथे.

पुढे टेंभू योजना आली. १९९६ मध्ये मंजुरी मिळाली आणि कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने वर, आमच्या माळापर्यंत आणायचं काम सुरू झालं. पाणी यायला वर्षानुवर्षं गेली, भाव मात्र पाण्याच्या बातमीनेच हलतो. ज्याच्या नावावर माळ होता त्याला पाण्याने बागायतदार केलं. ज्याच्या नावावर काहीच नव्हतं, त्याच्यासाठी त्याच पाण्याने जमीन महाग केली. पाणी जमिनीच्या मागे जातं. जास्त जमीन तर जास्त पाणी.

हे असंच असायला हवं का? हा प्रश्न खानापूर तालुक्यात चाळीस वर्षांपूर्वी विचारून झाला आहे.

१९८२ च्या गिरणी संपात मुंबईचे कामगार गावी परतले, तेव्हा इथे दुष्काळ होता. रोजगार हमीवर खडी फोडत बसण्यापेक्षा दुष्काळ हटेल असं काम द्या, अशी मागणी पुढे आली. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. भारत पाटणकर तिच्या नेतृत्वात होते. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि विहिरी कोरड्या पडत होत्या. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ठरवलं की वाळू आमची, तिच्या पैशातून बंधारा बांधू. बलवडीचे संपतराव पवार यात पुढे होते. अभियंता के. आर. दाते यांनी तांत्रिक मदत केली. थोडी वाळू विकून, श्रमदान करून, लोकांकडून पैसे उभे करून १९८० च्या दशकाच्या अखेरीस बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं.

धरण लहान आहे, त्याचा नियम मोठा होता. पाण्याचा वाटा प्रत्येक कुटुंबाला, आणि त्यात भूमिहीन कुटुंबंही आली. असंच काही विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावात १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीत केलं होतं. तेही इंजिनिअर. पाणी माणशी मोजायचं, एकरी नाही; ऊस लावायचा नाही; जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. भूमिहीनालाही वाटा.

याचा व्यवहारात अर्थ काय, ते नीट बघा. भूमिहीनाच्या हातात पाणी आलं की तो जमीनवाल्यासमोर रिकाम्या हाताने उभा राहत नाही. तुझी जमीन, माझं पाणी, माझे कष्ट, असा सौदा करता येतो. सातबाऱ्याला हात न लावता, कुणाची मालकी न हिसकावता, नव्या माणसाला शेतीत शिरायला जागा होते. सगळे कायदे 'जमीन कुणाला मिळू नये' हे लिहीत होते. या दोन प्रयोगांनी 'नवा माणूस आत कसा येईल' याचं उत्तर शोधलं.

कलम ६३ उडवून टाका, असं मला म्हणायचं नाही. कर्नाटकाने २०२० मध्ये अशा अटी काढून टाकल्या. पण विट्यालगतची जमीन उद्या सगळ्यांना खुली झाली, तर ती माझ्यासारखा पगारदार घेईल. माझा मित्र तेव्हाही वाट्यानेच करेल, फक्त मालक बदललेला असेल.

मला दोनच गोष्टी मागाव्याशा वाटतात. एक, मुदतीचा असा नोंदणीकृत करार, ज्याने मालकाला कुळ लागण्याची भीती राहणार नाही आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, भरपाई मिळेल. गलाईवाल्यांची कितीतरी रानं त्याने कागदावर कसायला मिळतील. दुसरी, टेंभूसारख्या सरकारी पैशाने आणलेल्या पाण्यात भूमिहीन शेती करणाऱ्याचाही वाटा. ही मागणी परदेशातून आणायची गरज नाही. येरळेच्या पात्रात ती दगड-सिमेंटमध्ये उभी आहे, विट्याहून गाडीवर थोड्याच वेळात पोचता येईल इतक्या जवळ.