नंदादीप, वीज आणि दैवी आपत्ती

आकाशातून कोसळते तिलाही आपण वीज म्हणतो आणि तारेतून घरी येते तिलाही वीजच. पावसाच्या तोंडावर पहिली आली की दुसरी जाते, हा गोमंतकातील गावोगावचा अनुभव. ती गेली म्हणजे ‘करंट गेलो’ एवढे म्हणून माणसे समई पुढे ओढतात, आणि थोडा वेळ वाट पाहून ‘देवाची करणी’ असा निकालही देऊन मोकळी होतात. या निकालाविषयी आम्हांस फार दिवस शंका आहे. ज्या समाजाने शतकानुशतके देवापुढचा दिवा विझू दिला नाही, त्याने अंधाराचा दोष देवाच्याच माथी मारावा, हे जरा चमत्कारिक दिसते.

आपल्या देवस्थानांतील दिव्याची व्यवस्था पाहावी. नंदादीप म्हणजे अखंड तेवणारा दिवा. त्यासाठी कोणी जमीन लावून दिली, कोठे घाण्यामागे तेल ठरवून दिले. दक्षिणेतील जुन्या दानलेखांत अशी दाने विपुल आढळतात. दानाबरोबर एक बंधनही येई. तेल कोणी द्यावयाचे आणि वात कोणी पाहावयाची हे ठरलेले असे, आणि दिवा शांत झाला तर वारा सुटला होता ही सबब ऐकून घेतली जात नसे. म्हणूनच तो दिवा गर्भगृहात, वाऱ्यापासून आत. बाहेर उभा असतो तो दीपस्तंभ. पण त्याचे दिवे उजळतात ते त्रिपुरी पौर्णिमेस व जत्रांच्या दिवसांत. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ या क्षेत्रांच्या मोठ्या जत्रा माघात भरतात, म्हणजे पाऊस सरून कित्येक महिने लोटल्यावर. पूर्वजांनी ऋतू ओळखून दिव्याची जागा आणि वेळ ठरविली होती, असे यावरून आम्हांस वाटते.

या देवतांनी तर वादळाहून दारुण संकट सोसलेले. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची महालसा यांना जुन्या काबिजादीतून झुआरीपलीकडे अंत्रुज महालात यावे लागले. फोंडे पोर्तुगिजांकडे गेले ते १७६३ च्या सुमारास. तोवर तेथील दिवे निराळ्या राजवटींखाली तेवत राहिले. पुढे पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये महाजनकीचे नियम केले व १९३३ मध्ये ते नव्याने बांधले. त्या नियमांतील परकी सत्तेची ढवळाढवळ आम्हांस आवडत नाही. तथापि देवस्थानाचा जमाखर्च वर्षाच्या वर्षाला कोणापुढे तरी मांडावा लागतो, ही शिस्त त्यांनी घालून दिली हे नाकारता येत नाही.

वीज आली ती या सर्वांच्या फार मागाहून. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस ती मुख्यत्वे शहरांपुरती होती, आणि तीही स्थानिक यंत्रांवर. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, १९६३ मध्ये सरकारचे वीज खाते स्थापन झाले, आणि नंतरच्या दशकांत खांब खेड्यापाड्यांत पोचले. परंतु गोव्याचे स्वतःचे म्हणण्याजोगे वीज-उत्पादन नाही. कोरबा, विंध्याचल, रामगुंडम अशा दूरच्या औष्णिक केंद्रांतील वाटा सह्याद्री ओलांडून महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या बाजूने येथे येतो. घरचे तेल घरच्या समईत, असा हा व्यवहार नव्हे. घाटात एखादा मनोरा कलला तर त्याचा अंधार म्हापशाच्या बाजारात पडू शकतो.

गावातले कारण बहुधा याहून साधे असते. अकरा हजार व्होल्टच्या उघड्या तारा फणसाच्या फांद्यांतून आणि माडांच्या रांगांमधून नेलेल्या. वारा सुटला की एखादी झावळ तारेवर येते, दोन तारा एकमेकींस लागतात, आणि वाहिनी बंद पडते. पहिल्या पावसाची गोष्ट निराळी. उन्हाळाभर तारांच्या चिनी मातीच्या टेकूंवर धूळ आणि समुद्राकडचे मीठ साचत राहते. धो धो पाऊस लागला तर ते धुऊन जाते, पण नुसती भुरभुर झाली तर त्याचा ओला थर होतो व त्यातूनच वीज खांबाकडे वाट काढते. म्हणून अनेकदा मृगाच्या झोडपणीपेक्षा वळिवाच्या शिंतोड्यानेच गाव अंधारात जातो. यात दैवी ते काय? टेकू पुसावयाचे राहिले, फांदी छाटावयाची राहिली, इतकेच.

खरे वादळ येते तेव्हा मात्र प्रसंग वेगळा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेस गेले आणि १७ मेच्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले. गोव्यात शेकडो खांब मोडले, महाराष्ट्राकडून येणाऱ्या २२० किलोव्होल्टच्या वाहिन्यांनाही अपाय झाला, आणि दोन जीव गेले. एक माड कोसळून, दुसरा विजेचा खांब अंगावर पडून. साथीचा कहर चालू होता, माणसे घरात कोंडलेली होती, आणि पंप थांबले तेथे नळही कोरडे पडले. त्या दिवसांत लाइनमन मंडळींनी भर पावसात केलेली मेहनत आम्ही विसरू इच्छित नाही. प्रश्न त्यांचा नाहीच. प्रश्न आहे तो खांब आधीच गंजलेला होता काय, हा.

येथे कायद्याकडे वळावयास हवे. ‘दैवी आपत्ती’ हा बचाव आपल्याकडे इंग्रजी कायद्यातून आला. १८७६ च्या निकोल्स विरुद्ध मार्सलंड या खटल्यात एका जमीनदाराची शोभेची तळी अतिवृष्टीने फुटून चार पूल वाहून गेले. असा पाऊस कोणास अपेक्षिता आला नसता म्हणून तो सुटला. पण १९१७ मध्ये ग्रीनॉकच्या नगरपालिकेने ओढ्याचा मार्ग बदलून मुलांसाठी तळे केले व पावसात पाणी लोकांच्या मालमत्तेत शिरले, तेव्हा तेथील सर्वोच्च पीठाने हा बचाव ऐकला नाही. मोठा पाऊस पडणारच, असा एकंदर रोख. स्कॉटलंडला जे लागू पडते ते कोंकणास किती अधिक लागू पडावे! सालोसाल सुमारे १२० इंच पाऊस पडतो तेथे पावसास अनपेक्षित म्हणणे म्हणजे पंचांग जाळणे होय.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निर्णय तर थेट तारेविषयीच आहे. मध्य प्रदेशात १९९७ च्या ऑगस्टमधील एका रात्री पाऊस होऊन रस्त्यावर पाणी साचले होते. त्यात पडलेल्या जिवंत तारेने कामावरून परतणारा एक सायकलस्वार मृत्यू पावला. कोणीतरी चोरून वीज घेत असताना तार सुटली, असे मंडळाचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले की इतकी धोक्याची वस्तू जो चालवितो त्याच्यावर, हयगय सिद्ध होवो वा न होवो, भरपाईचे दायित्व आहे. रस्त्यावरील तार तुटताच ती निर्धोक व्हावी अशी योजना हवी, हे तर १९५६ च्या वीज नियमांतच लिहिले होते, आणि पुढील नियमांतही तो आशय टिकून आहे.

नुसत्या अंधाराची भरपाई हा त्याहून नाजूक विषय. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ५७ सेवेची मानके ठरवावयास सांगते, आणि ती मोडल्यास ग्राहकास भरपाई देववते. २०२० च्या ग्राहक-हक्क नियमांनी चोवीस तास वीज हे तत्त्वही मान्य केले. परंतु वादळ, पूर, भूकंप अशा प्रसंगी मानकांतून सूट मिळते, आणि मेख आहे ती येथेच. चक्रीवादळ हा अपवाद रास्त आहे. पण आषाढातला रोजचा वारा त्याच अपवादात बसविला गेला, तर वर्षाचे चार महिने कायदाच रजेवर जावयाचा. वादळ होते हे सिद्ध करण्याचा भार सूट मागणाऱ्यावर असला पाहिजे, असे आमचे मत आहे. आणि एकाच ठिकाणी एकच फांदी तीन पावसाळे तार तोडीत असेल, तर चौथ्या पावसाळ्यात तिला दैव म्हणू देऊ नये.

आता देवस्थानांनीही डिझेलची यंत्रे घेतली आहेत. श्रावणातली भजने, चवथीचे दिवस, पालखी, सर्व काही ऐन पावसात; सबब ती लागतातच. त्या डिझेलचा खर्च महाजनांच्या अंदाजपत्रकात तेल-वातीशेजारी बसतो, आणि त्यावर सभेत क्वचितच कोणी बोलतो. ज्यांस बोलावयाचे असेल त्यांनी वीज किती वाजता गेली, किती वाजता आली आणि जवळच्या खांबाचा क्रमांक काय, हे वहीत लिहून ठेवावे. आधी खात्याकडे लेखी तक्रार, नंतर कायद्याच्या ४२ व्या कलमाखालील ग्राहक गाऱ्हाणे मंच, आणि त्यापुढे लोकपाल, असा हा क्रम आहे. आणि मंचापुढे उभे राहण्यास वकील लागतोच असे नाही.